कानात कापूस घालून भागत नाही

खान्देशात कापसाला तोटा नाही. त्यामुळे आवाज सोसत नाही असं कुणी म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: कानात बोळा घाल आणि पड निवांत. कोरडा कापूस जेमतेम पाच-सात डेसिबल अडवतो, तेही बारीक, टोकदार आवाजातले. डीजेच्या धडधडीला तो काहीच करत नाही. दुसरा सल्ला लसूण टाकून गरम केलेल्या तेलाचा. तो मात्र कधीच ऐकू नका. पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं आणि मूळ दुखणं बाजूला राहून कान वाहायला लागतो.

ज्यांना ताट पडलं की कानात सुरी फिरल्यासारखं होतं, कुकरच्या शिट्टीआधीच छाती धडधडते, मुलांच्या हसण्याने डोकं बधिर होतं, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. या त्रासाला हायपरॲक्युसिस म्हणतात. तो नखरा नाही, आणि नुसता स्वभावही नाही.

एक गैरसमज आधी काढू. अशा माणसाला लोक तिखट कानाचा म्हणतात. तिखट कान म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा कान. इथे तसं काही नसतं. आवाज ऐकू यायला लागतो ती सगळ्यात खालची पातळी इतरांसारखीच असते, कधी कधी तर ऐकायला थोडं कमीही येत असतं. फरक वरच्या टोकाला असतो. बहुतेकांना आवाज नकोसा वाटतो तो साधारण ९० ते १०० डेसिबलच्या आसपास. हायपरॲक्युसिसमध्ये हीच पातळी ७०, ६०, कधी त्याहूनही खाली येते. दोन हातांवर बसून केलेलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या घरात जातं. म्हणजे ज्याची सहनशक्ती ६५ वर संपते, त्याच्याशी जरा जोरात बोललं तरी त्याला डीजेसमोर उभं केल्यासारखं होतं. घरच्यांनी एवढा हिशोब समजून घेतला तरी निम्मी भांडणं मिटतात.

हे होतं कशामुळे? फटाका कानाजवळ फुटणं, डोक्याला मार, अर्धशिशी, चेहऱ्याचा लकवा (त्यात कानातला आवाज आवरणारा छोटा स्नायूही लुळा पडतो), झोपेच्या काही गोळ्या एकदम बंद करणं, अशी बरीच कारणं आहेत. स्वमग्न मुलांमध्येही हा त्रास खूप दिसतो. कारण कोणतंही असो, पुढचं चक्र बहुतेकांचं सारखंच असतं. कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपल्या बाजूने आवाजाचं बटण वाढवतो, असं मानलं जातं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट कानाच्या लोकांना दोन आठवडे इअरप्लग लावून ठेवले. नंतर तेच आवाज त्यांना पहिल्यापेक्षा मोठे वाटायला लागले. ज्यांच्या कानात दोन आठवडे मंद, एकसारखा आवाज सोडला होता, त्यांची सहनशक्ती मात्र वाढली. दिवसभर कान बुजवून बसणाऱ्याचा त्रास का वाढत जातो, ते यात आलं.

मे महिन्यात दुपारी गच्चीवर कुणी अनवाणी जात नाही. पण चपला घालून कुणी झोपतही नाही. इअरप्लग तसेच वापरायचे.

इअरप्लग नीट घालायची रीत

मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग स्वस्त आणि चांगले असतात. किती डेसिबल अडतात त्याचा ३० किंवा ३३ असा आकडा पाकिटावर असतो, पण बोटाने नुसते ढकलले तर त्याच्या निम्मंही हाती लागत नाही. आधी हात धुवा. प्लग दोन्ही हातांच्या बोटांत फिरवत फिरवत अगरबत्तीच्या काडीइतका बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. त्याने कानाची वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि बोटाचं टोक त्यावर ३० सेकंद दाबून धरा. फोम फुगायला तेवढा वेळ लागतो. बहुतेक जण इथेच घाई करतात, बोट लगेच काढतात, आणि प्लग फुगता फुगता बाहेर येतो. नीट बसला की आपलाच आवाज घुमल्यासारखा, मडक्यात बोलल्यासारखा ऐकू येतो. समोरून पाहणाऱ्याला प्लगचं टोक दिसत असेल तर काढा आणि पुन्हा घाला.

फोम धुतला की नीट फुगत नाही, म्हणून मळला की फेका. कानात मळ साठलेला असेल तर प्लग तो आणखी आत ढकलतो, आधी तपासून घ्या. काढताना झटकन ओढू नका, हळूहळू पिळत काढा. एकदम ओढल्याने पडद्यावर ताण येतो.

बाजारात, बैठकीत, चार माणसांत बोलायचं असेल तर फोम नको. त्याने बारीक आवाज जास्त कापले जातात आणि बोलणं गढूळ होतं. त्यासाठी वादक वापरतात ते फिल्टरवाले प्लग घ्या. ते १५-२० डेसिबल कमी करतात, पण सगळ्या पट्ट्यांत सारखे, त्यामुळे शब्द कळतात. प्लगवरून इअरमफ घातला तर दोन्हींची बेरीज होत नाही, फार तर आणखी पाचेक डेसिबल पदरात पडतात. शिवाय मोठा आवाज कवटीच्या हाडातूनही आत शिरतो, त्याला कोणताच प्लग अडवू शकत नाही.

नियम साधा ठेवा. वरात, मिक्सर, गिरणी, ड्रिल मशीन असेल तेव्हा घाला, आवाज संपला की काढा. घरातल्या साध्या बोलण्यासाठी, पानांच्या सळसळीसाठी, झोपेसाठी घालू नका.

स्वयंपाकघर

कान झाकण्यापेक्षा आवाज जिथे निघतो तिथे पकडलेला बरा. स्वयंपाकघरात हे सगळ्यात सोपं आहे.

कुकर आधी. शिट्टीवर फडका टाकू नका, चिमट्याने दाबून धरू नका. वाफेची वाट अडली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. शिट्टी होऊच द्यायची नाही, ही खरी युक्ती. तूरडाळ अर्धा तास भिजवा, वाटीला अडीच वाट्या पाणी आणि चमचाभर तेल घाला, म्हणजे फेस चढून वाट अडत नाही. मोठ्या आचेवर ठेवा. थोड्या वेळाने शिट्टीखालून बारीक सू-सू सुरू होते आणि शिट्टी किंचित थरथरते. त्याच क्षणी कुकर छोट्या बर्नरवर, एकदम मंद आचेवर न्या. तिथे १०-१२ मिनिटांत डाळ शिजते आणि शिट्टी उडत नाही. तरीही उडालीच तर आच जास्त आहे, खाली तवा ठेवा. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, उलथण्याने शिट्टी उचलून वाफ सोडू नका. तो आवाज शिट्टीहूनही वाईट असतो.

स्टीलच्या भांड्यांचा आवाज छोटा पण टोकदार असतो, आणि कधी येईल ते कळत नाही. सिंकमध्ये जाड रबरी जाळी टाका. ताटाळ्याच्या तळाशी जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी घाला. चमचे स्टीलच्या डब्याऐवजी प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. कडप्प्याच्या ओट्यावर भांडी आपटली की ओटाच वाजतो, तिथेही एक जाड मॅट हवी. आणि एक जरा वेगळी सूचना: ज्याला त्रास आहे त्यानेच भांडी लावावीत. आपल्याच हाताने होणारा आवाज कधी येणार हे मेंदूला आधी कळतं, त्यामुळे तोच आवाज कमी टोचतो. घरच्यांना हे ऐकायला कठोर वाटतं, पण खूप जणांना याने आराम पडतो.

मिक्सर हाताच्या अंतरावर ८५-९० डेसिबलपर्यंत जातो. खाली टॉवेलची जाड घडी किंवा रबराचा तुकडा घाला, पण तळाची हवेची भोकं झाकू नका, नाहीतर मोटर तापेल. शेवभाजीला, वांग्याच्या रश्श्याला लागणारं कांदा-खोबऱ्याचं काळं वाटण आठवड्याचं एकदम करून फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे रोज सकाळी घरघर नको. ठेचा दगडी खलात करा. लोखंडी खलबत्ता घंटेसारखा वाजतो, दगडी फक्त ठोकतो. कळण्याच्या भाकरीचं दळण गिरणीत नेऊन टाकायचं काम मात्र दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, त्यावर दुसरा उपाय नाही.

कूलर

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो आणि लोखंडी बॉडीचा कूलर रात्रंदिवस चालतो. जळगाव-धुळ्याच्या घरात याहून मोठा रोजचा आवाज नाही. पण कूलर दोन प्रकारचा असतो. खडखडणारा कूलर त्रास देतो, आणि एकसारखा सुसाटणारा कूलर औषधाचं काम करतो. पहिल्याचा दुसरा करणं मार्चमध्येच जमवावं.

प्लग काढा, मगच हात घाला. बोअरच्या जड पाण्याने पात्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो, तोही सारखा बसत नाही. एक पातं जड झालं की पंखा हबकतो आणि सगळा पत्रा वाजतो. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, फडका भिजवून पात्यांवर वीस मिनिटं गुंडाळून ठेवा आणि मग पुसा. मोटरला पाणी लागू देऊ नका. नंतर पातं वाकलंय का ते बघायचं. पेन्सिल पात्याच्या टोकाजवळ, तीन-चार मिलीमीटरवर स्थिर धरा आणि हाताने पंखा हळू फिरवा. प्रत्येक पातं पेन्सिलीपासून सारख्याच अंतरावरून गेलं पाहिजे. एखादं जवळ येत असेल, एखादं लांब जात असेल, तर पातं वाकलेलं आहे. ते हाताने सरळ करण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा नवीन पंखा बसवा.

सगळे स्क्रू काढून खाली रबरी वायसर घालून पुन्हा आवळा. कूलरचं स्टँड खिडकीच्या ग्रिलला टेकू देऊ नका, टेकलं की अख्खी भिंत गुणगुणते. पायांखाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे चालतात. पंप घूं घूं करत असेल तर पाणी पंपाच्या खाली गेलंय, टाकी भरा. मोटर चालू असतानाच बारीक गुणगुण येत असेल आणि वेग कमी केल्यावर ती वाढत असेल, तर दोष रेग्युलेटरचा आहे. साधे इलेक्ट्रॉनिक डिमर वीज तुकड्यातुकड्यांत सोडतात आणि मोटर गुंजते. कपॅसिटरवाला, टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर बसवला की ती गुंज जाते. छताच्या पंख्यालाही हेच लागू आहे. आणि वेग निम्मा केला की पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवलेला कधीही चांगला. सगळं झाल्यावर अर्थिंग तपासून घ्या, पाण्याचं यंत्र आहे.

हा सुधारलेला कूलर म्हणजे उपचारातला आवाज फुकट मिळाल्यासारखाच. ध्वनी-उपचारात मंद, एकसारखा, अर्थ नसलेला आवाज दिवसातले कित्येक तास चालू ठेवतात, म्हणजे मेंदू वाढवलेलं बटण हळूहळू खाली आणतो. थंडीत कूलर नसतो तेव्हा मोबाईलवर पावसाचा किंवा पिंक नॉइजचा (एकसारख्या सूं-सूं करणाऱ्या ध्वनीचा) आवाज छोट्या स्पीकरवर लावा. हेडफोन नको, स्पीकर दीड-दोन मीटरवर हवा. आवाज इतका कमी ठेवा की लक्ष दिलं तर ऐकू येईल, नाही दिलं तर विसरून जाल. सुरुवातीला नेहमीची चूक हीच होते, की लवकर बरं व्हायचं म्हणून लोक आवाज वाढवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. आठवड्याला अगदी कणभर वाढवा. हा हिशोब आठवड्यांचा नसून महिन्यांचा आहे, वर्ष-दीड वर्षही लागतं. ज्यांना आवाजानंतर कानात खरोखर कळ येते, आणि ती तास-दोन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येते, त्यांनी हे स्वतःच्या मनाने वाढवू नये.

खोलीबद्दल थोडक्यात. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या जाड भिंती आवाज गिळतात. टाईल्स लावलेल्या स्लॅबच्या खोलीत तोच आवाज चार वेळा आपटून परत येतो. एका भिंतीवर, भिंतीपासून दोन बोटं सोडून, जाड गोधडी टांगा आणि खाली सतरंजी अंथरा, घुमणं लगेच कमी होतं. बाहेरचा आवाज मात्र गोधडीने थांबत नाही, त्यासाठी फटी बुजवाव्या लागतात. दार-खिडकीच्या शंभर भागांतला एक भाग उघडा राहिला तरी वीस डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. अंड्याचे ट्रे चिकटवण्यात पैसे आणि जागा दोन्ही वाया जातात.

डॉक्टरकडे

आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर, मग ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण संस्था आहे. आवाज कितपत सोसतो ते मोजायला सांगा आणि ते अगदी खालच्या पातळीपासून हळू वर न्यायला सांगा. कानाच्या स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया तपासताना ८५-१०० डेसिबलचे आवाज सोडतात. तुमचा त्रास आधीच सांगितला तर ती तपासणी टाळता किंवा पुढे ढकलता येते. मळ काढायचा असेल तर सक्शन मशीनऐवजी हाताने, उपकरणाने काढायला सांगा, सक्शन कानाच्या आतच किंचाळतं. एमआरआय करायचा असेल तर प्लग आणि इअरमफ दोन्ही मागून घ्या.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा मोठ्या आवाजाने भोवळ यायला लागली, तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. अचानक गेलेल्या श्रवणासाठी औषध जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग.

मिसोफोनिया हा याचा शेजारी, पण वेगळा. हा शब्द २००१ साली आला. त्यात आवाज किती मोठा आहे याला महत्त्व नसतं, आवाज कोणता आणि कुणाचा याला असतं. कढीचा भुरका, पापड चावणं, नाक ओढणं यांनी चीड येते, घशाशी राग येतो. जेवताना इअरप्लग घातला तर आपलं स्वतःचं चावणंच डोक्यात घुमतं. त्यापेक्षा पंखा चालू ठेवा, समोरासमोर न बसता पंगतीत शेजारी बसा, आणि ताटावर कुणाला टोकू नका, ते बोलणं नंतर करा.

बाहेर

एसटीत मधली सीट पकडा. पुढे इंजिन, मागे पत्रा. खिडकीची काच खडखडत असेल तर कागदाची घडी करून खाचेत पाचर मारा. हेल्मेट आवाज कमी करत नाही, उलट वेग वाढला की वारा कानाशी घोंगावतो, त्यात प्लग हवेतच. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार इथे रेल्वेच्या कडेला घर असेल तर झोपण्याची खोली रुळांच्या विरुद्ध बाजूला घ्या आणि गाड्यांच्या वेळा पाठ करा. येणार हे माहीत असलेला भोंगा कमी धक्का देतो.

लग्नसराई आणि खान्देशातला कानबाई देवीचा उत्सव, दोन्ही टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. स्थापनेला जा, रोटाचा प्रसाद घ्या, रात्रीच्या जागरणात थोडा वेळ दाराशी बसा आणि सोमवारी वाद्यं लागण्याआधी निघा. लग्नात स्पीकरच्या तोंडासमोरची जागा सोडून मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात बसा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पण डीजेचा जाड ठोका भिंतीतूनही येतो आणि छातीत बसतो. वरात गल्लीतून जाणार असेल तर तासभर गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येणं हा खरा उपाय. "काय व्हयनं?" असं विचारणाऱ्या मावशीला लांबलचक सांगू नका. "मोठा आवाज मना कानले सहन व्हत नही, डॉक्टरनी सांगेल शे," एवढं पुरतं.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. त्या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. शासन वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. दवाखाना, शाळा आणि न्यायालयापासून १०० मीटर शांतता क्षेत्र, पण शासनाने तसं जाहीर केलं असेल तरच. तक्रार ११२ वर करता येते. मोबाईलवरचं मीटर ॲप पुरावा म्हणून टिकणार नाही, पण कोणत्या खोलीत किती फरक आहे हे बघायला कामाचं आहे.

मूल असेल तर शाळेत घंटेपासून लांबचा बाक मागा. बाकांच्या पायांना जुने टेनिस बॉल फुलीसारखे कापून बसवले तर फरफटण्याचा आवाज जातो, शाळा सहसा नाही म्हणत नाही.

आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी गल्लीत अचानक सुतळी बॉम्ब फुटतो. मग दोन-चार दिवस कान ठणकतो, सगळे आवाज पुन्हा मोठे होतात. त्या दिवशी खोली बंद करून, कान बुजवून पडू नका. मंद आवाज चालू ठेवा, फक्त नेहमीपेक्षा एक पायरी खाली. बोलणं कमी, पण बंद नाही. कुकर, मिक्सर, बाजार दोन दिवस दुसऱ्यावर सोपवा. तिसऱ्या दिवशी सकाळी आधी स्वतःच्या हाताने दोन वाट्या ओट्यावर ठेवून बघा, मग चार.